ताईचा डावा डोळा

जेवून तो वर आला तेव्हा खिडकीजवळच्या खुर्चीत ताई बसली होती. ती खुर्ची पेशंटची. मान टेकायला मागं गोल उशी, पायानं कळ दाबली की वर-खाली होणारी. त्या खुर्चीतल्या माणसांकडं बघण्यातच त्याची अर्धी हयात गेली होती, आणि तरी क्षणभर त्याला कळेना की समोर काय दिसतंय. ताईनं काळा चष्मा लावला होता. दवाखान्यात धरतात तशी पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती. "खाली दुकानातल्या मुलीला सांगितलं, पेशंट आहे म्हणून," ती म्हणाली. "बहीण आहे म्हटलं असतं तर तिनं तुला फोन केला असता, आणि मग तू जेवून परत आलाच नसतास." तो हसला. बेसिनपाशी जाऊन त्यानं हात धुतले, पुसले, आणि पुन्हा धुतले.

तो डोळे करायचा. कुणी विचारलं तर एवढंच सांगायचा. समोरचा आधी हसायचा, मग गप्प व्हायचा. चष्म्याच्या दुकानावरच्या या दोन खोल्या, कप्प्याकप्प्यांत कापसावर ठेवलेले डोळे, मेणाचा आणि पॉलिशचा कोंदट वास, आणि दिवसभर एकसारखा उजेड देणारी ही मोठी खिडकी. आजारात किंवा अपघातात ज्यांचा डोळा काढावा लागला अशी माणसं जिना चढून येत, आणि काही फेऱ्यांनंतर दोन डोळे घेऊन खाली उतरत. त्याला हे काम ज्यांनी शिकवलं त्या म्हाताऱ्या मास्तरांचं एक सांगणं होतं: माणसाकडं बघायचं नाही, बुबुळाकडं बघायचं. त्याला ते फार पटलं होतं. बुबुळ म्हणजे रुपयाएवढीसुद्धा नसलेली एक गोल चकती. तिच्यात तपकिरी किती, पिवळा किती, कडेची निळसर राखाडी रेघ किती जाड, हे सगळं मोजता येतं, ताडून बघता येतं. रंग सुकला की त्यावर पाण्याचा एक थेंब टाकायचा. वरून पारदर्शक थर चढल्यावर रंग कसा दिसेल ते थेंबातून कळतं. चुकलं असेल तर कळतं, पुसता येतं, आणि चुकलं होतं हे कुणाला कळतही नाही. साऱ्या जगात आपल्याला राहता येईल अशी एवढीच एक जागा आहे असं त्याला वाटायचं.

ताईचा डावा डोळा काढला त्याला आता बरेच दिवस झाले होते. डोळ्याच्या आत, पाठीमागच्या बाजूला गाठ निघाली होती. ऑपरेशनच्या दिवशी तो हॉस्पिटलात होता, पण पट्टी सोडायच्या दिवशी त्याला काम निघालं. खोबण भरून यायला वेळ लागतो, असं त्यानं फोनवर सांगितलं, आणि ते खरंच होतं. पुढं त्यानं सांगितलं की सूज पूर्ण उतरू दे. त्याच्या पुढं त्यानं दुसऱ्या एका शहरातल्या मोठ्या केंद्राचं नाव काढलं. तिथं नवीन मशीन आलंय, मशीन फोटो काढतं आणि बुबुळ छापूनच देतं, फरक ओळखू येत नाही. "मला मशीनचा नको," ताई म्हणाली होती. "बरं, बघू," तो म्हणाला होता. त्याचं 'बघू' तिला लहानपणापासून माहीत होतं. आई गेली तेव्हा तो इतका लहान होता की आईचा चेहरा त्याला फोटोतूनच ठाऊक. त्याला न्हाऊ घालणं, शाळेत सोडणं, तापात उशाशी बसणं हे सगळं ताईनं केलं, तिचं स्वतःचं शाळेचं वय असताना. फार बोलायचा नाही म्हणून त्याचं नाव तिनं गप्प्या ठेवलं. एकदा वर्गातल्या बाईंनी तिला बोलावून घेतलं आणि त्याचा गणिताचा पेपर पुढं केला. पेपर कोरा होता. बाई म्हणाल्या, तोंडी विचारलं तर सगळं येतं याला, मग लिहीत का नाही? तो ताईच्या मागं उभा होता. तिच्या वेणीच्या टोकाला बांधलेली रिबन त्याच्या नाकासमोर होती. "येतं त्याला," ताई म्हणाली. "पण लिहिलं तर चुकेल ना, म्हणून लिहीत नाही." बाई हसल्या. ताई हसली नाही. घरी येताना तिनं त्याला काही विचारलंही नाही, फक्त रस्ता ओलांडताना हात नेहमीपेक्षा घट्ट धरला.

कोरा पेपर देण्याची सवय त्याला पुढं आयुष्यभर पुरली. मोठा होत गेला तशा तिच्या तऱ्हा बदलल्या एवढंच. चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षी प्रत्यक्ष माणूस बसवून चित्र काढायचं होतं. त्यानं ताईला बसवलं. दोन आठवडे ती कामं सांभाळून संध्याकाळी येऊन बसायची, अवघडलेली मान तशीच धरून. चित्र सुंदर झालं, सगळेच म्हणाले. वडिलांनी चष्मा वर करून ते जवळून बघितलं, लांबून बघितलं, आणि म्हणाले, "छान आहे. कोण आहे ही?" ताई पटकन म्हणाली, "काहीतरीच काय बाबा, अगदी माझ्यासारखी तर आहे." तिनं ते इतकं पटकन म्हटलं की तेवढ्यावरूनच त्याला कळलं. चित्र त्यानं परीक्षेला दिलंच नाही, परीक्षेलाही बसला नाही. नंतर वाचनालयात काम करणारी एक मुलगी होती. संध्याकाळी वाचनालय बंद करून ती निघाली की तो तिच्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालत जायचा. तिला विचारायचं वाक्य त्यानं मनात इतक्या वेळा घासूनपुसून ठेवलं होतं की शेवटी शेवटी त्यातले शब्द झिजून गेल्यासारखे झाले. तिची बदली झाली. जाताना ती म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही काहीतरी म्हणाल." मास्तर गेल्यावर या खोल्या त्याच्याकडं आल्या, तेव्हाही त्यानं दारावरची मास्तरांची पाटी तशीच राहू दिली. लोकांना वाटायचं, काय कृतज्ञ माणूस आहे.

"काढ तो चष्मा," तो आता म्हणाला. हातमोजे चढवले की त्याचा आवाज बदलायचा, हे त्याला स्वतःलाच जाणवलं. ताईनं चष्मा काढला. वरची पापणी आत गेली होती. ते आत जाणं त्यानं हजार वेळा बघितलं होतं, आणि तरी त्याची नजर बाजूला सरली, खिडकीच्या चौकटीवर गेली. "वर बघा," तो म्हणाला. "आता खाली बघा. उजवीकडं." "बघते हं, डॉक्टर," ताई म्हणाली. पेशंटशी बोलायच्या सवयीनं आपण तिला अहो-जाहो केलं हे त्याच्या लक्षात आलं, आणि दोघं थोडं हसले. हसताना तिच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं. डावा कोरडाच होता. "तुला एक सांगू का," ती म्हणाली, "मला आरशासाठी नको आहे हा डोळा. आरशात मी बघते, मला काही वाटत नाही. पण हे माझ्याशी बोलतात ना, तेव्हा माझ्या कानाकडं बघतात. चहा झाला का, कानाला विचारतात. औषध घेतलंस का, कानाला. एवढ्या वर्षांत माझ्या कानाचं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं."

साचा घ्यायचा म्हणजे दांड्याची छोटी वाटी खोबणीवर बसवायची, तिच्यातून साच्याची पातळ पेस्ट आत सोडायची आणि ती घट्ट होईपर्यंत वाटीचा दांडा दोन बोटांत स्थिर धरून ठेवायचा. पेशंटनं हलायचं नाही, त्यानंही नाही. "बोलू नकोस आता," तो म्हणाला. खालून दुकानाच्या दाराची घंटी वाजली, कुणीतरी आलं किंवा गेलं. मग ओठ फारसे न हलवता ती म्हणाली, "रिपोर्ट आलेत. यकृतात दिसलंय. बऱ्याच ठिकाणी. हे म्हणाले होते, तुला इतक्यात सांगू नको म्हणून." त्याची बोटं दांड्यावर होती. दांडा सोडला असता तर साचा बिघडला असता. त्याला वाटलं, मुद्दाम हीच वेळ निवडली हिनं. आपल्याला उठून हात धुवायला जाता येणार नाही अशी. पेस्ट घट्ट होत होती, तिचा गारवा बोटांपर्यंत येत होता. "किती—" तो म्हणाला आणि थांबला. "डॉक्टर आकडा सांगत नाहीत," ताई म्हणाली. "पण दुसऱ्या गावच्या मशीनपर्यंत जाण्याइतका वेळ काही नाहीये. धर नीट, हलतोय तुझा हात." त्यानं नीट धरलं. साचा चांगला निघाला. तिला जिन्यावरून खाली सोडून तो परत आला आणि त्या साच्याकडं बघत बसला. बहिणीच्या चेहऱ्यातल्या पोकळीचा आकार त्याच्या तळहातावर होता, आणि तो लहानशा शिंपल्यासारखा दिसत होता.

रंगवायला समोर बसावं लागतं. पण त्यानं तिला सांगितलं, "तू जिना चढून यायची दगदग करू नकोस. तुझा डोळा मला माहीत आहे." ते म्हणताना त्याला ते खरंच वाटलं. आठ-दहा दिवस तो संध्याकाळी बाकीची कामं उरकून चकतीवर वाकून बसे. तपकिरी रंग त्याच्या डोक्यात तयार होता, गूळ वितळताना कडेला येतो तसा, उबदार. पांढऱ्या भागावर त्यानं लाल रेशमाचे बारीक तंतू विंचरून शिरा बसवल्या. पॉलिश झाल्यावर डोळा त्याच्या हातात असा चमकला की त्याला अनेक वर्षांत झाला नव्हता तसा आनंद झाला. डोळा घेऊन तो ताईच्या घरी गेला. तिनं डोकं मागं टेकवलं, त्यानं पापणी उचलून डोळा आत सरकवला, आणि तिच्या हातात आरसा दिला. ताईनं आरसा जवळ धरला, लांब धरला. "अगदी माझ्यासारखा," ती म्हणाली. पटकन म्हणाली. भाऊजी चहाचा ट्रे घेऊन आले, त्यांनी एकदा वर बघितलं. "छान झालाय हं," ते म्हणाले, कानाकडं बघत. "मेहनत दिसते." कप खाली ठेवताना त्यांची बशी खडखडली. तो चहा प्यायला, निघाला, आणि चार चौक चालल्यावर त्याला समजलं की बसथांबा आपण मागंच सोडून आलोय.

त्यानंतर त्यानं फोन उचलले नाहीत. कामावर जायचा, एका बस ड्रायव्हरचा डोळा चालू होता, तो सुबक झाला, ड्रायव्हर खूश होऊन गेला. पण रात्रंदिवस एकच गोष्ट त्याच्या मानेवर बसली होती. त्यानं ताईचा डोळा केलाच नव्हता. शाळेच्या वाटेवर रस्ता ओलांडताना वरून त्याच्याकडं वाकून बघणाऱ्या मुलीचा डोळा त्यानं केला होता. ती मुलगी आता कुठंच नव्हती, आणि तिचा डोळा साठीच्या बाईच्या थकलेल्या चेहऱ्यावर परक्यासारखा चमकत होता. चित्राचंही तेच झालं होतं, हे त्याला इतक्या वर्षांनी, पॉलिशच्या चाकासमोर बसलेला असताना उमगलं. तेव्हाही तो तिच्याकडं बघत नव्हता. दोन आठवडे तिला समोर बसवून तो आपल्या मनातलीच ताई काढत होता, कारण समोरची नीट बघितली असती तर ती जमली नसती, आणि जमली नाही हे कळलं असतं. मनातली कधी चुकत नाही. मास्तरांचं सांगणंही त्यासाठीच सोयीचं होतं. त्याला त्या चाकाची किळस आली, ते त्यानं बंद केलं. चाक बंद झाल्यावरही बराच वेळ गरगरत राहिलं. आता आणखी एकदा करायचा, आणि तोही चुकला तर? मग तिसरा करायला ती असणार नाही. या विचारापाशी तो रोज यायचा आणि रोज परत फिरायचा. न केलेला डोळा कधीच चुकणार नव्हता. पहिलाच राहिला असता, तिनं तो निमूट घातला असता, आणि कुणीही त्याला बोल लावला नसता. हे इतकं सोपं होतं की त्याची त्यालाच भीती वाटली.

एका सकाळी कामावर न जाता तो सरळ ताईकडं गेला. भाऊजींनी दार उघडलं. त्यांची दाढी वाढली होती. ताई स्वयंपाकघरात खिडकीजवळ खुर्ची ओढून बसली होती, अंगावर शाल, पाय स्टुलावर. एवढ्या दिवसांत ती निम्मी झाली होती. डोळा तिनं घातलेला होता, त्याच्या येण्याची चाहूल लागल्यावर घातला असावा, कारण पापणीचे केस आत दुमडले गेले होते. त्यानं ते बोटानं नीट केले. मग तो म्हणाला, "ताई, हा चुकलाय." हे वाक्य म्हणायला तोंड कसं उघडावं लागतं हेच त्याला माहीत नव्हतं असं त्याला वाटलं. "माझ्याकडून चुकला. तुझा नाहीये हा." ताई त्याच्याकडं बघत राहिली. काही कोसळलं नाही. ओट्यावर दूध तापत होतं, भाऊजी ते बघायला आले आणि उभेच राहिले. "मला वाटलंच होतं," ताई म्हणाली, "पण तू इतक्या हौसेनं आणलास." मग म्हणाली, "चुकला तर चुकला. परत कर. मला कुठं जायचंय?" बोलून झाल्यावर त्या वाक्याचा अर्थ तिघांनाही एकदमच कळला. दूध वर आलं, भाऊजींनी घाईनं गॅस बंद केला. "म्हणजे लगेच नाही," ताई म्हणाली, आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिला खोकला आला.

तेव्हापासून रोज सकाळी तो रंगांचा डबा घेऊन तिच्या स्वयंपाकघरात यायचा. खालच्या मुलीला सांगून त्यानं पेशंट पुढं ढकलले. ताईला जिना चढणं आता शक्यच नव्हतं, आणि या खिडकीतला उजेड त्याच्या खिडकीसारखा एकसारखा नव्हता. ढग आला की बदलायचा, समोरच्या इमारतीच्या काचेवरून उसळून मधेच पिवळा व्हायचा. त्याला सगळं पुन्हा शिकावं लागत होतं. पहिल्या दिवशी तो तिच्या गुडघ्याला गुडघा लागेल असा समोर बसला आणि तिच्या उजव्या डोळ्याकडं बघू लागला, आणि त्या डोळ्यानं त्याच्याकडं बघितलं. त्याला ते सहन होईना. एवढ्या जवळून, एवढा वेळ, ते दोघं एकमेकांकडं कधी बघत बसले होते? पेशंटला तो सांगायचा, लांब बघा, भिंतीवरच्या ठिपक्याकडं बघा. ताईला त्यानं ते सांगितलं नाही. बुबुळ तपकिरी नव्हतंच. कडेला तपकिरी होतं, पण आत, बाहुलीच्या भोवती, ते शेवाळलेल्या दगडासारखं हिरवट पडलं होतं. बाहेरून राखाडी कडं आलं होतं. पांढरा भाग पांढरा नव्हता. आजारानं त्यावर पिवळी झाक चढली होती, आणि ती रोज थोडी वाढत होती. रोज सकाळी त्याला कालचा पिवळा चुकलेला सापडायचा. तो पुसायचा, परत लावायचा. "आज कशी आहे मी?" ताई विचारायची. "कालच्यापेक्षा पिवळी," तो म्हणायचा. खोटं बोलून चालणार नव्हतं, रंगच चुकला असता. तिला ते आवडत होतं, असं त्याला वाटे. घरात बाकी कुणी तिला खरं सांगत नव्हतं.

आणि त्या डोळ्यात भीती होती. ती रंगात कुठं असते ते त्याला सांगता आलं नसतं, पण ती होती, आणि ती त्याच्या ओळखीची होती. तो विचार त्याच्या मनात आला तेव्हा त्याचा कुंचला थांबला. आपली ताई कशाला घाबरत नाही, हे त्यानं जन्मभर धरून ठेवलं होतं. "तू घाबरतेस," तो म्हणाला. "मग काय," ती म्हणाली. "आई गेली तेव्हापासून घाबरतेय. तुला पहिल्यांदा आंघोळ घातली तेव्हा तू हातातून निसटशील म्हणून मला दरदरून घाम फुटला होता. एकदा निसटलासही. डोकं आपटलं तुझं, टेंगूळ आलं होतं एवढं." "मला नाही माहीत हे." "तुला कसं माहीत असणार? बाबांना सांगितलं, खेळताना पडला." ती थांबली. "दुसऱ्या दिवशी परत घातली आंघोळ. आंघोळ तर घालायलाच हवी होती ना." त्यानं कुंचल्याचं टोक ओठांत धरून बारीक केलं आणि बाहुलीच्या भोवतीच्या हिरव्यात थोडी काळपट झाक मिसळली. सुकल्यावर वर पाण्याचा थेंब टाकला. थेंबातून तो रंग वर आला, आणि त्याच्या अंगावर शहारा आला, कारण चकतीतून कुणीतरी थकलेलं, सावध माणूस त्याच्याकडं बघत होतं. डोळा सुंदर नव्हता. दुकानात मांडला असता तर कुणी घेतला नसता.

तो घातला त्या सकाळी ताईनं आरसा मागितला नाही. शाल नीट केली आणि हाक मारली, "अहो, जरा इकडं या." भाऊजी वर्तमानपत्र हातात घेऊनच आले. दारातच, नेहमीसारखं कानाच्या रोखानं बघत, ते काहीतरी म्हणू लागले आणि त्यांची नजर घसरली, म्हणजे अशी आपोआप, सवयीनं, पूर्वी एवढी वर्षं जिथं जायची तिथं गेली. ते थांबले. "काय बघतेस अशी?" ते म्हणाले. "साखर घातली नाहीये मी माझ्या चहात. विचार हवं तर याला." "मी कुठं काय म्हटलं?" ताई म्हणाली. "म्हणत नाहीस, पण बघतेस ना." मग त्यांना कळलं की आपण काय बोललो. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, ती अर्धी केली, पुन्हा अर्धी केली, एवढी जाड घडी की ती पुढं मोडेना. "मी जरा दूध घेऊन येतो," ते म्हणाले आणि पिशवी न घेताच बाहेर गेले. घरात दूध होतं. ताईनं त्याच्याकडं बघितलं, दोन्ही डोळ्यांनी. त्यानं रंगांच्या नळ्यांची झाकणं एकेक करून लावली. आपल्याला रडू येतंय की काय असं त्याला वाटलं, पण तसं काही झालं नाही. हात मात्र हलके झाले होते, फार वेळ भरलेली बादली धरून मग ती खाली ठेवल्यावर होतात तसे. पिवळी झाक पुढच्या आठवड्यात चुकणारच होती. तो ते तिला म्हणालाही. "मग पुढच्या आठवड्यात बघ," ताई म्हणाली.

पुढच्या आठवड्यात त्यानं डोळा काढून वरचा थर घासला, पिवळा थोडा वाढवला, परत घातला. त्याच्या पुढच्या आठवड्यात परत. ती उतरत होती आणि तो तिच्या मागून एकेक पायरी रंग घेऊन उतरत होता, आणि प्रत्येक वेळी तो थोडा मागंच राहत होता. त्याला आता त्याचं काही वाटेनासं झालं होतं. म्हणजे वाटायचं, पण त्यासाठी थांबावंसं वाटत नव्हतं. मधल्या काळात भाऊजी आणि ताई पुन्हा भांडू लागले होते, पंख्याच्या वेगावरून, खिडकी उघडी असण्यावरून. तो दारात चपला काढत ते ऐकायचा आणि मुद्दाम थोडा वेळ तिथंच थांबायचा. मग एके दिवशी तिला हॉस्पिटलात न्यावं लागलं, आणि तिथून परत आणायचं बोलणं कुणी काढलं नाही.

ती गेली त्या दुपारी तो आणि भाऊजी दोघंही खोलीत होते. तिचा श्वास मधेच लांबू लागला तेव्हा नर्सनं डॉक्टरांना बोलावलं. त्या दिवशी ड्यूटीवर नवीन डॉक्टर होती, अगदी तरुण, केस घाईनं बांधलेले. ती पलंगाच्या डाव्या बाजूला आली, ताईच्या मनगटावर हात ठेवला, मग वाकून डावी पापणी उचलली आणि छोट्या टॉर्चचा उजेड डोळ्यात पाडला. उजेड बाजूला नेला, परत पाडला. तिच्या कपाळावर आठी आली. "या बाहुलीत काहीच हालचाल नाहीये," ती नर्सला म्हणाली. "हे कधीपासून?" नर्सलाही माहीत नव्हतं, तीही सकाळीच बदलून आली होती. तो पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. "तो डोळा मी केलाय," तो म्हणाला. डॉक्टरनं त्याच्याकडं बघितलं, त्याला नीट कळलं नाहीये की काय असं. तो परत म्हणाला, "तो खोटा आहे. मी केलाय तो." ती पुन्हा वाकली, चेहरा अगदी जवळ नेला. "सॉरी," ती म्हणाली. "मला खरंच कळलं नाही." त्याच्या छातीत काहीतरी लख्ख उमटलं, आणि अशा वेळी ते उमटावं याची त्याला लाज वाटली, आणि ती लाजही तिथंच राहिली. मग डॉक्टर वळसा घालून उजव्या बाजूला गेली. उजवी पापणी उचलली. टॉर्चचा उजेड बराच वेळ त्या डोळ्यात राहिला. तिनं गळ्यापाशी दोन बोटं ठेवली, घड्याळाकडं बघितलं, आणि टॉर्च बंद करून खिशात ठेवला. काही सांगायची गरज नव्हती. नर्सनं हळूच दार लोटून घेतलं.

तो पुढं होऊन पलंगाशी वाकला. उजवी बाहुली मोठी झाली होती, एवढी की हिरवट भाग जवळजवळ गिळला गेला होता आणि कडेला तपकिरीची नुसती रेघ उरली होती. डाव्या डोळ्यातली बाहुली मात्र त्यानं केली होती तेवढीच होती, खिडकीजवळ सकाळच्या उजेडात असायची तेवढी. त्या डोळ्यात अजून सकाळ होती. तो बघत राहिला. खालच्या बाजूला राखाडी कडं त्याच्याकडून जरा जाड झालं होतं. इतके दिवस ते नजरेतून सुटलं होतं, आता दिसलं. चूकच ती. पुसायला हात गेला नाही, आणि नजरही हटली नाही. थोड्या वेळानं त्यानं उजवी पापणी बोटानं खाली आणली, ती राहिली. डावी मिटायला भाऊजी पुढं झाले. त्यांनी हात पुढं नेला, आणि मधेच थांबवला.

"हा अजून बघतोय रे," ते म्हणाले.

त्यानं खुर्ची ओढून भाऊजींना दिली. ते बसले, आणि डोळ्याला डोळा देऊन तिच्याकडं बघू लागले. तो त्यांच्या मागं उभा राहिला.

"बघू दे," तो म्हणाला. "घाई नाही."